शिलावर्तुळे आणि आधुनिक पेगन पंथ यांवरील ज्ञानकोशीय लेख: एकत्र लिहिण्याचा प्रस्ताव

कातळवाट

नमस्कार. ब्रिटनमधील नवाश्मयुगीन स्मारके आणि तेथे आज उपासना करणारे पेगन (ख्रिस्तपूर्व धर्मांपासून प्रेरणा घेणारे) पंथ यांवरील लेखांचा एक संच मराठी विकिपीडियावर नीट उभा करावा, असा प्रस्ताव मी येथे मांडत आहे. पहिल्या टप्प्यात स्टोनहेंज व एव्हबरी ही दोन इंग्लंडमधली शिलावर्तुळे, मार्गारेट मरे व जेराल्ड गार्डनर या दोन व्यक्ती आणि विक्का हा पेगन पंथ, असे पाच लेख घ्यावेत. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते वेगवेगळ्या ठिकाणी पडतात खरे, पण त्यांतला एक धड लिहायचा तर उरलेल्या चारांकडे पाहावेच लागते. म्हणून चार-सहा जणांनी ते मिळून लिहावेत, असे मला वाटते.

कामाला हात घालण्यापूर्वी एका गोष्टीवर आपले एकमत व्हायला हवे. या विषयातले जवळपास प्रत्येक विधान कोणाच्या तरी नावावर असते. ते उत्खनन करणाऱ्याचे असेल, अठराव्या शतकातल्या एखाद्या पुराणवस्तुप्रेमी गृहस्थाचे असेल किंवा आजच्या उपासकाचे असेल. लेखात ते ज्याचे त्याच्या नावावरच राहिले पाहिजे. नाव गळून पडले की तो दावा ज्ञानकोशाच्या तोंडी जातो आणि पुढे वस्तुस्थिती म्हणून फिरत राहतो. असे प्रत्यक्ष घडलेले आहे, आणि आपल्या संचातले दोन-तीन लेख तर त्या घटनेशी थेट जोडलेले आहेत.

मार्गारेट मरे यांचा जन्म १८६३ मध्ये कोलकात्यात झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या फ्लिंडर्स पेट्री यांच्या हाताखाली इजिप्तविद्या शिकल्या आणि पुढे तेथेच त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. इजिप्तविद्येतली त्यांची योग्यता वादातीत आहे. १९२१ मध्ये मात्र त्यांनी वेगळ्याच क्षेत्रात एक सिद्धांत मांडला. युरोपात ज्यांच्यावर चेटूक केल्याचे खटले चालले ते लोक ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे टिकून राहिलेल्या एका संघटित धर्माचे अनुयायी होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी खटल्यांतल्या जबान्या आधाराला घेतल्या. त्या जबान्यांत हवेतून उडत जाण्याचे किंवा प्राण्याचे रूप घेण्याचे जे उल्लेख होते ते त्यांनी बाजूला ठेवले आणि उरलेला, पटण्याजोगा दिसणारा भाग पुरावा म्हणून वापरला. छळ करून घेतलेल्या जबान्यांचा असा उपयोग करता येत नाही, हा आक्षेप त्या काळच्या इतिहासकारांनीही घेतला होता.

यानंतर जे झाले ते आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९२९ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या चौदाव्या आवृत्तीत चेटूक या विषयावरची नोंद मरे यांच्याकडूनच लिहून घेण्यात आली, आणि त्यांनी आपला वादग्रस्त सिद्धांत त्या नोंदीत सर्वमान्य ज्ञान म्हणून मांडला. ती नोंद १९६९ पर्यंत कायम होती. विषयाचा फारसा परिचय नसलेला वाचक अशा वेळी ज्ञानकोशच उघडतो, आणि चाळीस वर्षे त्याच्या हाती एकाच व्यक्तीचे मत पडत राहिले. १९५४ मध्ये गार्डनर यांनी हा जुना धर्म अजून जिवंत असल्याचे आणि आपल्याला त्याची दीक्षा मिळाल्याचे पुस्तकातून जाहीर केले, तेव्हा त्या पुस्तकाला प्रस्तावना मरे यांचीच होती. आज विक्का या नावाने ओळखला जाणारा पंथ त्यातून वाढला.

आपले लेख वाचणाऱ्याला मराठीत या विषयावर ताडून पाहायला दुसरे फारसे काही मिळणार नाही. त्यामुळे आपली जबाबदारी अधिक आहे. ज्यांना सहभागी व्हायचे असेल त्यांनी कृपया येथे लिहावे.

नदीकाठ

प्रस्ताव आवडला. स्टोनहेंजच्या लेखातील बांधकामाच्या टप्प्यांचा भाग मी लिहू शकेन. माझी एक सूचना मात्र आहे. आधुनिक ड्रुइड (रोमनपूर्व ब्रिटनमधल्या ड्रुइड पुरोहितांचे नाव घेणारे आजचे उपासक) आणि इतर उपासक यांचा उल्लेख स्मारकाच्या लेखात शेवटी एका वाक्यात आटोपावा आणि बाकीचे सगळे त्या त्या पंथाच्या लेखात न्यावे.

यामागे कालक्रमाचे साधे कारण आहे. स्टोनहेंजचा वर्तुळाकार खंदक आणि बांध इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा आहे, मोठे सार्सन (कठीण वालुकाश्माचे) दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले, आणि ड्रुइडांचे सविस्तर वर्णन करणारा ज्युलियस सीझर इ.स.पू. पहिल्या शतकातला आहे. म्हणजे मध्ये दोन हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. ड्रुइडांनी हे स्मारक बांधले हा समज अजूनही सगळीकडे आढळतो. आपण त्यांना लेखात जितकी जास्त जागा देऊ तितका तो समज पक्का होईल, अशी मला भीती वाटते. वाचक मथळे पाहून पुढे जातो, तळटिपांपर्यंत पोहोचत नाही.

कातळवाट

नदीकाठ, कालक्रमाबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. तो लेखाच्या प्रास्ताविकातच स्पष्ट शब्दांत यावा. एका वाक्यात आटोपण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण स्मारकाचा इतिहास त्याचे बांधकाम संपले तेव्हा संपत नाही.

ड्रुइडांचा संबंध जोडला गेला तो कसा, हे सांगितल्याशिवाय तो समज दूर होणार नाही. सतराव्या शतकात इनिगो जोन्स यांनी स्टोनहेंजला रोमन देवालय ठरवले होते, तर दुसऱ्या एका मताने त्याचे श्रेय डेन लोकांना दिले होते. जॉन ऑब्री यांनी या दोन्ही मतांच्या पलीकडे जाऊन ही वर्तुळे रोमनपूर्व आहेत असे मांडले. रोमनपूर्व ब्रिटनमधले पुरोहित म्हणून लिखित साधनांत ड्रुइडच सापडत होते, म्हणून ही त्यांची देवळे असावीत असा तर्क त्यांनी केला. अवशेषांचे वय ठरवणारी कार्बन १४ पद्धत हाती येण्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी केलेला हा तर्क निष्कर्षात चुकला असला, तरी दिशेने बरोबर होता, आणि त्याचे श्रेय ऑब्री यांना लेखात मिळाले पाहिजे.

विल्यम स्टकली यांच्याबाबत तर अधिकच जपून लिहावे लागेल. १७४० मध्ये त्यांनी स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर म्हणून प्रसिद्ध केले आणि ती कल्पना लोकांच्या मनात कायमची बसली. पण याच माणसाने १७२० च्या दशकात एव्हबरीची मोजमापे आणि रेखाटने केली तेव्हा गावकरी घरे बांधण्यासाठी तेथले दगड फोडत होते. जाळ करून दगड तापवायचा, त्यावर गार पाणी ओतायचे आणि घणाचे घाव घालायचे, ही पद्धतसुद्धा त्यांनी नोंदवून ठेवली आहे. एव्हबरीपासून बेकहॅम्प्टनकडे जाणारी दगडांची एक दुहेरी रांग त्यांनी नोंदवली होती. पुढे अनेक अभ्यासकांना ती त्यांच्या कल्पनेतली वाटली, पण १९९९ च्या उत्खननात त्या रांगेचे अवशेष सापडले. स्टकली यांचे अन्वयार्थ त्यांच्या नावावर ठेवावेत, आणि त्यांची मोजमापे मात्र आजही पुरावा म्हणून वापरावीत.

विसाव्या शतकातला भागही असाच महत्त्वाचा आहे. १९०५ मध्ये ड्रुइड म्हणवणाऱ्या एका बंधुसंघाने स्टोनहेंजमध्ये मोठा दीक्षासमारंभ केला. १९१५ मध्ये सेसिल चब यांनी हे स्मारक लिलावात ६,६०० पौंडांना विकत घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला दिले. १ जून १९८५ रोजी तेथील उन्हाळी उत्सवासाठी निघालेल्या तांड्यावर पोलिसांनी केलेली कारवाई ब्रिटनमध्ये आजही विसरली गेलेली नाही. २००० पासून उन्हाळी अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, स्टोनहेंज पुन्हा सर्वांना खुले होऊ लागले. हे सारे तारखांनिशी पडताळता येणारे आहे. त्याला दोन-तीन परिच्छेद द्यावेत, आणि तो भाग बांधकामाच्या भागापासून वेगळ्या मथळ्याखाली ठेवावा.

ओसरी

मी इंग्लंडमध्ये राहते आणि एव्हबरीला अनेकदा जाते, म्हणून एव्हबरीचा लेख माझ्याकडे द्यावा. स्टोनहेंजला पाहणारे बाहेरून पाहतात. एव्हबरी तसे नाही. गावातला रस्ता आणि काही घरे थेट वर्तुळाच्या आत आहेत, मेंढ्या दगडांच्या सावलीला बसतात आणि कोणालाही दगडाला हात लावता येतो. पूर्वेकडच्या बांधावर बीच वृक्षांची मुळे उघडी पडून एकमेकांत गुंतली आहेत आणि त्या झाडांच्या फांद्यांना भेट देणाऱ्यांनी रंगीत फिती, चिठ्ठ्या, मण्यांच्या माळा बांधलेल्या असतात. जवळच वेस्ट केनेट येथे सुमारे शंभर मीटर लांबीची नवाश्मयुगीन दफनटेकडी आहे. तिच्या दगडी दालनांत फुले, धान्याची कणसे, सफरचंदे ठेवलेली दिसतात. कोणी छोट्या मेणबत्त्याही लावतात. त्यांच्या उष्णतेने आणि काजळीने पाच हजार वर्षांहून जुन्या दगडांना इजा होते, म्हणून त्या लावू नयेत असे सांगितले जाते, आणि हे सांगणाऱ्यांत पेगन मंडळीही असतात. दालने झाडून कचरा गोळा करून नेणारेही त्यांच्यापैकीच असतात.

हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण उपासक एका बाजूला आणि पुरातत्त्वज्ञ दुसऱ्या बाजूला अशी मांडणी आपल्या लेखांत सहज शिरेल आणि ती खरी नाही. रोनाल्ड हटन यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म उटकमंडचा, आणि पुढे ते ब्रिस्टल विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेला नवा धर्म आहे, प्राचीन धर्माचा अखंड वारसा नाही, हे त्यांनी १९९९ मध्ये साधार मांडले. ब्रिटनमधल्या पुष्कळ विक्कापंथीयांनी ते स्वीकारले, आणि आपला धर्म नवा आहे म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही अशी भूमिका घेतली. तेव्हा ‘विक्कापंथीय स्वतःला प्राचीन धर्माचे वारस मानतात’ असे सरसकट वाक्य आपल्याला लिहिता येणार नाही. कोण मानतात, कोणत्या काळात मानत होते, हे सांगावे लागेल. इंग्लंड आणि वेल्समधील २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा नोंदवला आणि सुमारे १३,००० जणांनी विक्का. एवढ्या माणसांबद्दल आपण लिहीत आहोत.

नदीकाठ

कातळवाट आणि ओसरी यांचे म्हणणे पटले. वेगळ्या मथळ्याखाली दोन-तीन परिच्छेद द्यायला माझी हरकत नाही. ओसरी, एव्हबरीच्या संग्रहालयातील बालकाच्या सांगाड्याच्या वादाबद्दल तुम्ही कसे लिहिणार आहात? या संचातला सगळ्यांत नाजूक परिच्छेद तोच असेल असे मला वाटते. मसुदा येथेच टाकलात तर सर्वांना पाहता येईल.

ओसरी

मसुदा पुढे देत आहे.

‘एव्हबरीजवळील विंडमिल हिल या नवाश्मयुगीन स्थळी अलेक्झांडर किलर यांनी १९२० च्या दशकात केलेल्या उत्खननात सुमारे तीन वर्षांच्या एका बालकाचा सांगाडा मिळाला. तो एव्हबरी येथील अलेक्झांडर किलर संग्रहालयात ठेवलेला आहे. २००६ मध्ये ड्रुइड पंथीयांनी या सांगाड्याचे व इतर मानवी अवशेषांचे पुनर्दफन करावे अशी मागणी केली. वैज्ञानिकांनी या भावनिक मागणीला विरोध केला. इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थांनी लोकांची मते मागवली आणि २०१० मध्ये अवशेष संग्रहालयातच ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.’

कातळवाट

मसुदा नेटका आहे. दोन ठिकाणी बदल सुचवतो.

पहिला बदल ‘ड्रुइड पंथीयांनी’ या शब्दांत. ही मागणी ड्रुइड संघटनांच्या एका परिषदेच्या वतीने पुढे आली होती. सगळ्या ड्रुइडांनी ती केली नव्हती, आणि सगळ्या पेगनांनी तर नाहीच. पेगन्स फॉर आर्किऑलॉजी या गटाचा पुनर्दफनाला विरोध होता, तर ऑनरिंग द एन्शंट डेड या गटाने संग्रहालयांशी संवादाचा मार्ग धरला होता. ही तीन मते तीन नावांनी आली की परिच्छेदाचा तोल आपोआप सावरेल.

दुसरा बदल ‘या भावनिक मागणीला’ येथे. ‘भावनिक’ हा निवाडा आहे आणि तो आपण देत आहोत. मागणी करणाऱ्यांनी त्या बालकाला आपला पूर्वज मानले आणि मृतांचा सन्मान राखण्याचा मुद्दा मांडला, असे त्यांचे म्हणणे लिहावे. निर्णय घेणाऱ्या संस्थांची कारणेही लिहावीत. अवशेषांतून ज्ञानात भर पडते, मागणी करणाऱ्यांचे त्या बालकाशी असलेले नाते इतर कोणाहून अधिक जवळचे असल्याचे दिसत नाही, आणि मते कळवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी अवशेष संग्रहालयात ठेवण्याला पाठिंबा दिला, ही ती कारणे होती. दोन्ही बाजूंची कारणे समोर असली की वाचकाला विशेषणाची गरज राहत नाही.

माळरान

मी नागपूरचा. या संचाला आपल्याकडचा एक खराखुरा धागा जोडता येईल, म्हणून लिहीत आहे. एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश अधिकारी दख्खनमध्ये आले तेव्हा स्टकली यांनी रूढ केलेली ड्रुइडांची कल्पना त्यांच्या डोक्यात होती. मेडोज टेलर यांनी सुरपूर भागातली शिलावर्तुळे आणि दगडी पेट्या खणल्या, त्यांची उत्तम वर्णने आणि चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांचा निर्देश केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन स्मारके असा केला. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये उघडली. तेथल्या दगडांवर वाटीच्या आकाराचे खळगे कोरलेले आहेत. ते ब्रिटनमधील दगडांवरच्या खळग्यांसारखे दिसतात, म्हणून रिव्हेट-कार्नॅक यांनी दोन्हींची तुलना केली.

आज विदर्भातली ही वर्तुळे लोहयुगातली, ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली मानली जातात. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथल्या उत्खननांतून लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे अलंकार मिळाले आहेत, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे. ब्रिटनमधील वर्तुळे यांच्याहून हजार-दीड हजार वर्षांनी तरी जुनी आहेत आणि दोन्हींचा परस्परसंबंध दाखवणारा पुरावा नाही. तेव्हा स्टोनहेंजच्या लेखात ‘अशीच वर्तुळे विदर्भातही आहेत’ हे वाक्य कोणी भरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते कोणाला तरी भरावेसे वाटणार, कारण आपल्या भागाचा उल्लेख पाहून बरे वाटते. पण शेजारी ठेवलेली दोन खरी वाक्ये मिळून तिसरे खोटे विधान सुचवतात, आणि त्या विधानाला कोणाचाच संदर्भ नसतो. टेलर आणि रिव्हेट-कार्नॅक यांची तुलना मात्र त्यांच्या नावाने ‘महाराष्ट्रातील महापाषाणीय स्थळे’ अशा लेखाच्या अभ्यासाच्या इतिहासात जरूर यावी. तो लेख मी लिहायला घेतो.

पारंबी

मी छायाचित्रे आणि माहितीचौकटी सांभाळेन. बालकाच्या सांगाड्याचे छायाचित्र लेखात असावे का, हे आत्ताच ठरवावे असे मला वाटते, नाहीतर नंतर ते कोणीतरी लावील, दुसरे कोणी उलटवील आणि चर्चा पानावर तेच ते चालू राहील.

माझे मत ते नसावे असे आहे. इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेली बालके मिळाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत हाडे. तेथे कुंभांची मांडणी हीच माहिती आहे आणि शब्दांनी ती पुरती कळत नाही, म्हणून रेखाचित्र लागते. विंडमिल हिलच्या परिच्छेदाचा विषय मागणी आणि निर्णय हा आहे. सांगाड्याचे चित्र पाहून त्यातले काही अधिक कळत नाही, आणि ज्यांना ते प्रदर्शन खटकते त्यांच्या म्हणण्यावर आपण एका चित्राने निकाल दिल्यासारखे होते. त्या जागी विंडमिल हिलच्या खंदकांचे हवाई छायाचित्र घ्यावे.

नदीकाठ

पारंबी यांच्याशी सहमत. आणखी एक. इंग्रजी लेखांवरून यंत्राने भाषांतर करून आणलेला मजकूर या संचात नको. भाषेपेक्षाही मला संदर्भांची काळजी आहे. इंग्रजी लेखाखालची पुस्तके आपण वाचलेली नसताना ती मराठी लेखाखाली लावणे म्हणजे न पाहिलेल्या साक्षीदाराची साक्ष नोंदवणे होय. जे वाचले असेल त्याचाच संदर्भ द्यावा, पृष्ठक्रमांकासह. उत्खननांचे जुने अहवाल आता बरेचसे इंटरनेटवर खुले आहेत, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजचे ग्रंथालय आहे. तेथून कोणाला काही पाहून हवे असेल तर मी पाहून देईन.

स्टोनहेंजच्या दगडांबाबत ताजे संशोधन तारखेसह द्यावे लागेल. मोठे सार्सन दगड सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वूड्स येथून आल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. छोटे निळसर दगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतले, हे त्याआधीच माहीत होते. मधला वेदीशिळा म्हणून ओळखला जाणारा दगडही वेल्सचाच समजला जात असे, तो ईशान्य स्कॉटलंडमधला असल्याचे २०२४ मध्ये मांडले गेले. जुन्या पुस्तकावरून लिहिणारा येथे हमखास फसेल. म्हणून ‘दगड अमुक ठिकाणचा आहे’ असे न लिहिता कोणत्या वर्षीच्या विश्लेषणानुसार, ते त्याच वाक्यात लिहावे.

कातळवाट

सर्वांचे आभार. वाटणी अशी धरतो. स्टोनहेंज नदीकाठ यांच्याकडे, एव्हबरी ओसरी यांच्याकडे, विदर्भातल्या वर्तुळांचा स्वतंत्र लेख माळरान यांच्याकडे, चित्रे आणि चौकटी पारंबी यांच्याकडे, मरे आणि गार्डनर माझ्याकडे. विक्काचा लेख सगळ्यांत शेवटी घेऊ, कारण त्याचा इतिहासाचा भाग आधीच्या दोन लेखांवर उभा राहणार आहे. प्रत्येकाने मसुदा आधी आपल्या धूळपाटीवर (कच्च्या मजकुराच्या पानावर) ठेवावा आणि दुसऱ्या किमान एकाने तो संदर्भांसह वाचल्यावरच मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांत, न्यावा.

मरे यांच्या लेखात त्यांच्या सिद्धांताइतकीच जागा त्यांच्या इजिप्तमधील कामाला मिळाली पाहिजे, असे मी ठरवले आहे. पेट्री महिनोन्महिने इजिप्तमध्ये असत तेव्हा लंडनमधले वर्ग त्या चालवत, आणि पुढच्या पिढीतले कितीतरी इजिप्तविद त्यांच्या हाताखाली तयार झाले. एका नोंदीमुळे संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला जाऊ नये. १९२९ च्या नोंदीचा परिच्छेद आणि त्यावरील इतिहासकारांचे आक्षेप यांचा मसुदा धूळपाटीवर ठेवला आहे. ओसरी, विक्कापंथीयांच्या बाजूने त्यात काही अन्याय होत असेल तर तो तुम्हीच सर्वांत आधी ओळखाल, म्हणून पहिले वाचन तुम्ही करावे.

ओसरी

वाचते. एव्हबरीच्या परिच्छेदात तुमचे दोन्ही बदल केले आहेत.